अगरबत्ती विझेपर्यंत

आबा गाडी चालवताना ब्रेकचं नाव काढू देत नसत. घरात कोणी फार आजारी असलं की त्याच्यासमोर आजाराचं नाव घेत नाहीत, तसं. जीपमध्ये कोणी चुकून “आबा, ब्रेक जरा...” असं सुरू केलं, तर ते समोर बघतच म्हणायचे, “दम धरा. गाडी ऐकते.” आणि गाडी खरंच ऐकायची, फक्त तिला तीनदा सांगावं लागायचं. पहिल्यांदा पेडल दाबलं की ते थेट खाली जायचं आणि काहीच व्हायचं नाही. दुसऱ्यांदा चाकांतून खरखर ऐकू यायची. तिसऱ्यांदा जीप थांबायची. हे तीन दाब कुठून सुरू करायचे, हे आबांना पाठ होतं. निंबोल्याला थांबायचं तर पिठाच्या गिरणीपासून, बुऱ्हाणपूरच्या नाक्यावर थांबायचं तर रसवंतीच्या पाटीपासून. आम्हा रोजच्या प्रवाशांनाही त्या खुणा इतक्या अंगवळणी पडल्या होत्या की गिरणी दिसली की सगळ्यांचे पाय आपोआप पुढं रेटले जायचे. ब्रेक एकटे आबा लावत नसत, अख्खी जीप लावायची.

माझं घर बुऱ्हाणपुरात आणि शाळा असीरगडचा घाट चढून वर गेल्यावर लागणाऱ्या एका गावात. तिथं मी विज्ञान शिकवत होते. बसचा काही नेम नव्हता, त्यामुळं सकाळी वर जायला आणि संध्याकाळी खाली यायला आबांची जीप. जीपचं वय विचारलं की आबा म्हणायचे, “माह्या लग्नाहून लहान, पोरीहून मोठी.” त्यापेक्षा नेमकी माहिती कोणाला मिळाली नाही. आबांनी उमेदीची वीस वर्षं केळीचे ट्रक दिल्लीला नेले होते. केळी पिकायच्या आत पोचवायची म्हणून तेव्हा म्हणे ते वाऱ्यासारखी गाडी हाकायचे. मला भेटले तेव्हा मात्र ते इतके सावकाश झाले होते की पान खाताना चुना लावायलाही दोन मिनिटं घ्यायचे.

जीपमध्ये बसण्याआधी ते चपला काढून सीटखाली ठेवायचे. अनवाणी पायानं गाडी चालवायचे, थंडीतसुद्धा. बाया कौतुकानं म्हणायच्या, आबा गाडीला लक्ष्मी मानतात. दुसरी सवय अशी की घाट उतरताना तान्हं मूल असलेली बाई ते जीपमध्ये घेत नसत. “लेकुरवाळीनं बसनं यावं,” एवढंच म्हणायचे. बाईनं कितीही विनवलं तरी ऐकायचे नाहीत, पण बस येईपर्यंत जीप रस्त्याच्या कडेला उभी करून तिच्या सोबतीला थांबायचे. आम्ही उशीर होतो म्हणून कुरकुर करायचो. माणूस जुन्या वळणाचा आहे, काहीतरी नवस-बिवस असेल, असं मी मनात धरून चालले होते. मला तेव्हा सगळ्यांच्या अंधश्रद्धा दिसायच्या आणि आपण फार शहाणे आहोत असं वाटायचं.

एका रविवारी शाळेच्या प्रयोगशाळेचा एक स्टँड दुरुस्त करायला मी लेथवाल्यांच्या गल्लीत गेले, तर तिथं आबा बाकड्यावर बसलेले. मांडीवर चाकाचा ब्रेक-ड्रम. पाटाएवढं ते गोल लोखंडी भांडं त्यांनी बोटात अडकवून उचललं, पान्यानं टक् करून वाजवलं आणि कान लावून ऐकलं. माठ घेताना वाजवून बघतात ना, तसं. “अजून बोलते,” ते लेथवाल्याला म्हणाले.

लेथवाल्याला हसू आलं नाही. “आबा, बोलून राहिला, पन आता यात कापायला लोखंड राहिलं नाई. अजून एक हात मारला तर आरपार दिसंल.” मग माझ्याकडे वळून, मी मास्तरीण असल्यामुळं मला समजेल या विश्वासानं, त्यानं सगळं सांगितलं. ड्रम आतून झिजतो, त्याला घळी पडतात. घळी काढायला लेथवर घासला की तो आणखी पातळ होतो आणि आतल्या ब्रेकच्या पट्ट्या त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. मग पट्टीखाली पत्र्याचा तुकडा घालून ती पुढं आणायची. आबांच्या गाडीला असे दोन-दोन पत्रे झाले होते. आणि या जीपचे नवे ड्रम येणं कधीचंच बंद झालेलं. भंगारात मिळायचे तेही असेच झिजलेले. आबा इंदूरपासून भुसावळपर्यंत सगळे भंगारवाले धुंडाळून आले होते.

“मग चालवता कशाला आबा?” मी विचारलं.

“रस्ता होईस्तोवर खेचायची हाय, ताई. नवा रस्ता झाला की उतारच राहनार नाई. मंग ब्रेकचं काय काम?” ड्रम पिशवीत घालता घालता ते हळूच म्हणाले, “गाडीत नका काढू हे. लोक घाबरले की हलतात.”

मी काढलं नाही. खरं सांगायचं तर मलाही सोयीचं होतं. जीप बंद झाली असती तर मला पहाटे पाचची बस धरावी लागली असती. म्हणून मी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या जागेवर, आबांच्या शेजारी, जाऊन बसले. फक्त त्या दिवसापासून पेडलवर त्यांचा पाय गेला की माझं लक्ष त्याच्याकडेच जायचं.

आता त्यांच्या अगरबत्तीबद्दल सांगते, कारण आबा सगळ्या पट्ट्यात ओळखले जात ते त्या अगरबत्तीमुळं. संध्याकाळी उतरताना निम्म्या वाटेवर एक वळण लागतं. तिथं झाडाखाली शेंदूर फासलेला दगड आहे, त्याला सगळे घाटदेव म्हणतात, आणि शेजारी चहाची टपरी. आबा तिथं रोज थांबायचे. इंजिन बंद करायचे. मग जीपला फेरी घालायची, चारी चाकांपाशी वाकून आत उलटा हात न्यायचा, तो कपाळाला लावायचा आणि देवासमोर वाळूच्या डब्यात एक अगरबत्ती खोचायची. ती पूर्ण विझेपर्यंत गाडी हलणार नाही. वीस मिनिटं तर सहज जायची. कोणी कितीही मोठा माणूस जीपमध्ये असो, कोणाची परीक्षा असो, कोणाचं लग्न असो. “देवाची काडी जळून राहिली,” एवढं ते म्हणाले की लोक निमूट चहा प्यायचे. पुढं पुढं तर लोकांना ते आवडायला लागलं. इतक्या वर्षांत आबांच्या गाडीला साधा ओरखडा नाही, तो या काडीमुळंच, असं म्हणायचे.

या देवाचं एक वैशिष्ट्य होतं. उन्हाळ्यात त्याला एकामागून एक दोन अगरबत्त्या लागायच्या, थंडीत एक पुरायची आणि पावसाळ्यात आबा निम्मी मोडून लावायचे. मी एकदा त्यांना छेडलं होतं, “आबा, तुमचा देव उन्हाळ्यात फारच भुकेला होतो हो.” ते हसले नाहीत. म्हणाले, “उन्हाळ्यात समद्यायलेच तरास होते, ताई.” मी हे स्टाफरूममध्ये रंगवून सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले. आठवीला उष्णतेनं धातू प्रसरण पावतात हे दरवर्षी शिकवणारी मी. लोखंडी गोळा गरम करून तो कडीतून जात नाही हे पोरांना दाखवणारी मी. पण दोन आणि दोन चार करायची वेळ आली तेव्हा मला फक्त देव दिसला, चाकं दिसलीच नाहीत.

त्या दिवशी बाजार होता. पौषातली थंडी, दिवस लवकर मावळायला लागलेला. दापोऱ्याला माझ्या मैत्रिणीच्या केळीच्या मळ्यात भरीत-पुरीचा बेत होता आणि माझा भाऊ साडेपाचला नाक्यावर स्कूटर घेऊन उभा राहणार होता. जीपमध्ये मागं-पुढं मिळून अठरा माणसं, वर तुरीची पोती, मागच्या फळीवर कमळाबाईच्या भाजीच्या पाट्या. कमळाबाई बाजाराच्या प्रत्येक गावाला जायची आणि जीपमध्ये बसली की उरलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या ज्याच्या-त्याच्या पिशवीत कोंबायची. घाटदेवापाशी थांबलो तेव्हा आबांनी चाकांना हात लावला तो चटकन मागं घेतला. मी ते पाहिलं. अगरबत्ती खोचताना ते टपरीवाल्याला म्हणाले, “आज चहा दोनदा ठेवजो.” म्हणजे दुसरी काडी लागणार. मी घड्याळ पाहिलं. दोन काड्या म्हणजे दापोऱ्याला पोचेपर्यंत वांगी संपलेली असणार.

आबा चहा घेऊन झाडामागं बसले होते. दुसरी काडी त्यांनी डब्याशेजारी काढून ठेवली होती, ती मी उचलून झुडपात टाकली. पेटलेल्या काडीच्या खालच्या निम्म्या भागाचा मसाला नखानं खरवडून काढला. काडी तेवढीच उभी दिसत होती, फक्त खालची निम्मी कोरी झाली. माझ्या बोटांना चंदनाचा वास येत होता आणि मला, खोटं कशाला बोलू, हसू येत होतं.

दहा मिनिटांत धूर थांबला. मी मोठ्यानं म्हणाले, “चला आबा, विझली.” लोक उठले, पाट्या सरकवल्या, जागा धरल्या. आबा देवापाशी आले. डब्याशेजारी दुसरी काडी शोधल्यासारखं त्यांनी केलं. मग विझलेली काडी उपटली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. माझ्याकडे बघितलं. अठरा माणसं जीपमध्ये बसून त्यांच्याकडे बघत होती. ते काहीतरी बोलणार असं मला वाटलं. मग त्यांनी काडी खिशात घातली, चपला काढल्या आणि गाडीत बसले.

पहिल्या वळणाला पेडल तीनदा दाबून लागलं. दुसऱ्या वळणाला पाचदा. मागं कमळाबाई कोणाला तरी भावाच्या लग्नाची गोष्ट सांगत होती. तिसऱ्या वळणाआधी आबांचा अनवाणी पाय खाली गेला तो खालीच राहिला. आवाज काहीच झाला नाही. खरखरही नाही. गरम लोखंडाचा वास मात्र आला. आबांनी गिअर खाली टाकला, इंजिन ओरडलं, पण मागून अठरा माणसं आणि तुरीची पोती ढकलत होती. त्यांचा चेहरा अजिबात बदलला नाही. नेहमीच्या आवाजात ते मला म्हणाले, “ताई, पाय वर घ्या. डोकं खाली.”

खाली उतार संपतो तिथं केळीच्या घडांनी भरलेल्या दोन ट्रॉल्या आडव्या लागलेल्या आणि बाया-माणसं घड चढवत होती. हे मला वरूनच दिसलं. आबांनी जीप डोंगराच्या बाजूला घेतली. त्यांची बाजू, उजवी बाजू, दरडीला घासत घासत त्यांनी गाडी खाली आणली. दगड फुटत होते, पत्रा फाटत होता. तरी वेग पुरेसा कमी झाला नाही. मग ट्रॉल्यांच्या अलीकडे, नव्या रस्त्यासाठी आणून टाकलेल्या मुरमाच्या ढिगात त्यांनी गाडी घातली. ज्या रस्त्याची ते वाट बघत होते, त्याच्या मुरमात.

कोणी मेलं नाही. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की त्याला आता काही चव उरलेली नाही. दोघांचे दात पडले, एकाच्या खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. कमळाबाईचा उजवा हात पाटीखाली सापडला, तो पुन्हा कधी सरळ झाला नाही. आबांचा ब्रेकचा पाय घोट्यापासून चिरडला. मला कपाळावर तीन टाके पडले आणि भरीत चुकलं.

दवाखान्यात लोक जमले. आबांनी सगळ्यांना एकच सांगितलं, “माहीच चूक. आज काडी पुरी जळू देल्ली नाई.” लोकांनी मान डोलावली. घाटदेवाची सत्ता तेव्हापासून फार वाढली. दगडावर पत्र्याचं छप्पर आलं, घंटा आली. आता येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तिथं थांबते. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून उतरतात, अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवतात, घंटा वाजवतात आणि अर्ध्या मिनिटात निघून जातात. आबांची फक्त काडीच लोकांच्या लक्षात राहिली. थांबणं राहिलं नाही.

उन्हाळ्यात मी आबांना भेटायला गेले. ते ओट्यावर खाटेवर बसले होते, पाय उशीवर. जीप भंगारात गेली होती, पण एक ड्रम त्यांनी ठेवून घेतला होता. त्याची शेगडी केली होती आणि तिच्यावर चहा उकळत होता. ड्रमला वरपासून खालपर्यंत केसाएवढी चीर होती. मी तिच्याकडे बघते आहे हे पाहून ते म्हणाले, “वाजवून पाहा. आता बोलत नाई.” मी वाजवला नाही.

चहा पिऊन झाल्यावर मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. “काडी मले दिसली होती, ताई. नखाचे वळ होते तिच्यावर.”

 मी विचारलं, “मग थांबला का नाहीत आबा?”

“काय सांगून थांबनार? देवाची काडी विझली, लोक उठून बसले. अजून थांबा म्हनलं असतं तर काहून म्हनून इचारलं असतं. देव थांबवते म्हनलं की लोक बसून राहतात. ब्रेक तापले म्हनलं की उतरून जातात नि दुसऱ्या दिवशी कोनी बसत नाई.” मग म्हणाले, “चाकाले हात लावायचो तो गरम किती हाय ते पाहाले. कपाळाले लावायचो तो तुमाले दाखवाले. अनवानी बसायचो तेबी पेडल कुठंवर जाते ते समजाले.”

मी रडले. ते माझी समजूत काढत बसले नाहीत, आणि त्याचं मला आजही बरं वाटतं. म्हणाले, “तुमी काडी खरवडली, मी तोंड उघडलं नाई. दोघंबी सारखे. पन आता तिथं लोक पुडे जाळून राहिले नि थांबत नाई. मी सांगलं तर म्हनतीन, म्हातारा येडा झाला. तुमी मास्तरीन हा. तुमचं ऐकतीन. सांगा त्यायले.”

सांगते, असं मी म्हणाले. त्या पावसाळ्यात आबा गेले. मी कोणाला सांगितलं नाही. ते सांगायचं तर काडीचंही सांगावं लागणार होतं. बाजारात कमळाबाई भेटायची, वाकड्या हातानं माझ्या पिशवीत कोथिंबीर कोंबायची आणि म्हणायची, “देवाची मर्जी, ताई.” मी हो म्हणायचे. असं दोन वर्षं चाललं. या दोन वर्षांत मी वर्गात तो लोखंडी गोळ्याचा प्रयोग एकदाही केला नाही.

गेल्या महिन्यात बाजाराच्याच दिवशी खाली येणारी संध्याकाळची बस चुकली आणि मी एका दुसऱ्या जुन्या जीपमध्ये बसले. ड्रायव्हर नवा होता. मागं कमळाबाई, तिच्या पाट्या, दहा-बारा माणसं, एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल. पहिल्या वळणालाच मला पेडलचा आवाज ओळखू आला. तीन दाब. मग चार. घाटदेवापाशी तो थांबला, पुडा पेटवला, घंटा वाजवली. इंजिन चालूच. मी उतरले, मागच्या चाकापाशी वाकले आणि आत उलटा हात नेला. हात तिथं ठेवता येईना.

“गाडी बंद कर भाऊ. ब्रेक तापलेत. अर्धा तास थांबावं लागेल.”

“काही नाई होत म्याडम,” तो म्हणाला. “देवाले अख्खा पुडा लावला ना. बसा जल्दी.”

त्यानं गिअर टाकला. मी जीपच्या पुढं जाऊन उभी राहिले. लोक कुरकुरायला लागले, कोणीतरी म्हणालं, बाईंना आता देवाची भीती वाटायला लागली. तेव्हा मी सांगितलं. आबांचे ड्रम, पट्टीखालचे पत्रे, उन्हाळ्यातल्या दोन काड्या, पावसाळ्यातली निम्मी. तापला की ड्रम फुगतो आणि पट्ट्या त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. काडी देवासाठी नव्हती, चाकं थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजायला होती. आणि त्या दिवशी मला दापोऱ्याला भरीत खायला जायचं होतं म्हणून मी ती नखानं खरवडली. हे शेवटचं मी कमळाबाईकडे बघून सांगितलं. माझा आवाज शाळेत असतो तसाच निघाला, याचं मला नवल वाटलं.

 तान्ह्या मुलाची आई आधी उतरली. मग एकेक करून सगळे उतरले. ड्रायव्हर पुटपुटत इंजिन बंद करून टपरीकडे गेला. मी पुड्यातली एक काडी घेतली, पेटवली आणि वाळूत खोचली. कमळाबाई माझ्यापासून लांब, दगडावर जाऊन बसली. वाकडा हात तिनं दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर घेतला आणि अगरबत्ती विझेपर्यंत एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

काडी विझल्यावर मी दुसरी लावली. तेव्हा ड्रायव्हर उठला, जीपला फेरी घातली, एकेका चाकापाशी वाकून आत उलटा हात नेला. हात तो कपाळाला लावणार होता, पण त्यानं तो खाली घेतला आणि येऊन टपरीसमोर पुन्हा बसला.